सल्ला हवा: फ्रान्समध्ये नदीवरच्या कड्यावरचं जुनं गाव. दॉम की सँ-सिर्क?

चिंचगूळ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पॅरिसला दिरांकडे जातोय. तिथलं उरकलं की तीन रात्री गावाकडे काढायच्या आहेत. दगडी घरं, तटबंदी, खाली नदी, असं काहीतरी हवंय. दोन नावं पुढे आली: दोर्दोन्य नदीवरचं दॉम आणि लोत नदीवरचं सँ-सिर्क-लापोपी. दोन्हींचे फोटो बघून बघून डोकं चालेनासं झालंय.
सोबत सासूबाई, वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चालतात, पण चढ दिसला की चेहरा पडतो. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. गाडी नवरा चालवेल. दोन्ही गावं होतील का?

टेकडीवाला
दॉम. डोळे मिटून.
मी सहा वर्षं तुलूझला आहे, पाहुण्यांना घेऊन दोन्हीकडे जाणं झालंय. सँ-सिर्क देखणं आहेच, पण ते कड्याला लटकलेलं गाव. गाडी वर लावायची आणि गल्लीगल्लीने उतरत जायचं. उतरताना सगळे खूश, परतताना सगळा चढ. माझी आई अर्ध्यात एका पायरीवर बसली ती, 'तुम्ही बघून या' म्हणाली.
दॉमला चढ गाडी चढते. वरचा चौक, जुनी बाजारपेठेची मांडणी, चर्च आणि दरीचा सज्जा सगळं हाकेच्या अंतरावर. वेशीकडची गल्ली उतरती आहे, तिकडे सासूबाई नाही आल्या तरी चालेल. सज्ज्यावरून नदी साधारण दीडशे मीटर खाली दिसते, पलीकडे अक्रोडाच्या बागा आणि मक्याची शेतं.
एकच अट: राहायचंच. दुपारी बसगाड्या भरभरून माणसं येतात आणि गल्ल्यांमधून आइस्क्रीमच्या रांगा लागतात. सहानंतर गाव आपलं. सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते आणि नदीचा पत्ता नसतो. फोटो वाया गेला म्हणून परत फिरू नका. चहा घेऊन बसा, दहाच्या सुमारास पडदा वर जातो.

गडकरी_पण_मंत्री_नाही
दॉमला आणखी एक मत. कारण गुडघा नाही, इतिहास.
हे आपोआप वाढलेलं गाव नव्हे. १२८१ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने ते आखून वसवलं. अशा आखीव गावांना तिकडे 'बास्तीद' म्हणतात. एरवी ती चौकोनी असतात, इथे डोंगराने ऐकलं नाही म्हणून आराखडा तिरका झाला. कड्याच्या बाजूला तट बांधायची गरज वाटली नव्हती. इथून कोण चढणार?
चढला. १५८८ मध्ये प्रोटेस्टंट सरदार जोफ्रुआ द व्हिव्हाँ रात्री तीसेक माणसं घेऊन त्याच कड्यावरून वर आला. आत शिरल्यावर ढोल-कर्णे वाजवून असा गोंधळ उडवला की झोपेतल्या पहाऱ्याला किती शत्रू आलेत तेच कळेना, आणि तेवढ्यात वेस उघडून बाहेरची फौज आत. मी सज्ज्यावर उभा राहून हे वाचलं आणि थेट पन्हाळा आठवला. १६७३, कोंडाजी फर्जंद, साठ मावळे, तेच कडा चढणं आणि तेच कर्णे! पंच्याऐंशी वर्षांचं अंतर, एकाने दुसऱ्याचं नावही ऐकलेलं नसणार.
वेशीच्या बुरुजांत टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाचे सरदार १३०७ नंतर कैदेत होते. आतल्या भिंतींवर कोरलेले क्रूस त्यांचेच मानले जातात. ते बघायला मार्गदर्शकासोबतच सोडतात, आधी पर्यटन कार्यालयात विचारून ठेवा.

सुगरण_प्रवासात
जेवणाचं मी बोलते, कारण तिथे फसगत होते.
तो सगळा मुलूख बदकाचा. बदकाचं मांस, बदकाचं काळीज, आणि स्वयंपाकाला तेलाच्या जागी बदकाची चरबी. मेनूत 'सार्लादेझ' बटाटे दिसतील, लसूण-कोथिंबिरीसारखं काहीतरी पेरलेले, वास असा की जीव जाईल. ते त्याच चरबीत परततात! मी अर्धी ताटली संपवल्यावर कळलं.
सासूबाईंसाठी स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. सार्लाचा बाजार बुधवार-शनिवारी भरतो, दॉमहून साधारण बारा किलोमीटर. भाज्या, ब्रेड, अक्रोडाचं तेल उत्तम. चीजमध्ये बहुधा दूध गोठवायला वापरलेलं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं, चालत नसेल तर दुकानदाराला विचारा. अक्रोडाच्या केकमध्ये अंडं असतंच. भाजणी न्या.

नदीकाठी
सगळे दॉम-दॉम करताहेत म्हणून मुद्दाम. सँ-सिर्कला दुकानांच्या पाट्यांपलीकडे जीव आहे. तिथे बॉक्सवुडच्या लाकडाचं कातकाम चालायचं, पिंपांच्या तोट्या घडवायचे. आंद्रे ब्रेतों या कवीने १९५१ मध्ये तिथे घर घेतलं आणि पुढचे उन्हाळे तिथेच काढले. खाली बुझिए गावापाशी नदीकाठच्या खडकात खोदलेली वाट आहे, घोडे त्या वाटेने होड्या ओढत न्यायचे. ती सपाट आहे, सासूबाईंना जमेल. दॉमहून गाडीने सव्वा-दीड तास. राहू नका, पण एक दिवस द्या.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार! दॉम नक्की. तीनही रात्री तिथेच, मधला एक दिवस बुझिएची वाट, गाव फक्त खालून बघणार. गाडी कुठून घेऊ? आणि चौकाखाली गुहा आहे म्हणे, सासूबाईंना झेपेल?

टेकडीवाला
पॅरिसहून ब्रीव्हपर्यंत रेल्वे, चार-सव्वाचार तास. तिथून गाडी, पुढे तासभर. ऑटोमॅटिक हवी असेल तर आजच सांगून ठेवा, बहुतेक गाड्या गिअरच्याच मिळतात. आंतरराष्ट्रीय परवाना विसरू नका.
गुहेत उतरायला पायऱ्या आहेत, पण बाहेर येताना कड्यावरच्या काचेच्या लिफ्टने वर येतात. लढायांच्या काळात गावकरी तिथे लपायचे. आत गारठा असतो.

चिंचगूळ
लिफ्ट ऐकून सासूबाई म्हणाल्या, 'मग त्या व्हिव्हाँला कशाला एवढा त्रास?' शाल घेतली आहे त्यांनी. भाजणीचं प्रमाण विचारायला वेगळा धागा काढते.