शब्दचर्चा : लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात आणि ‘वारं जाणं’

विचारणा : सोलापुरातल्या एका रुग्णालयाचे जुने केसपेपर शोधता यावेत म्हणून संगणक प्रणाली करतो आहे. नोंदींत कुठे लकवा, कुठे अर्धांगवायू, पक्षाघात, पॅरालिसिस. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या रुग्णांच्या तोंडी ‘अंगावरून वारं गेलं’. एकच प्रमाण शब्द ठेवून बाकीचे बदलू का?

उत्तर १ : ‘अर्धांगवायू’ ठेवा. सगळ्यांना कळतो.

उत्तर २ : कृपया बदलू नका. या शब्दांची व्याप्ती सारखी नाही. अर्धांगवायूत शरीराची एक बाजू लुळी पडते. दोन्ही पाय गेले तरी लोक पॅरालिसिसच म्हणतात. ‘पक्षाघात’ तर मेंदूच्या स्ट्रोकलाही (मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं किंवा रक्तस्राव होणं) वापरतात. स्ट्रोक हे कारण, लुळेपणा हा परिणाम. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही एका बाजूचा लुळेपणा जी८१ या संकेतांकाखाली येतो आणि प्रकार न नोंदलेला स्ट्रोक आय६४ खाली.

खरी अडचण ‘लकवा’ची. युनानी परिभाषेत लकवा म्हणजे तोंड वाकडं होणं; अंगाची बाजू जाते तो फालिज. सोलापुरात अनेक घरांत उर्दूही बोलली जाते, त्यामुळे ‘लकवा’ म्हणणाऱ्या आजींना चेहरा सांगायचा आहे की हातपाय, हे विचारावंच लागतं. तुम्ही सरसकट ‘अर्धांगवायू’ केलंत तर बेल्स पाल्सीचा (चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचा विकार) रुग्ण भलत्याच यादीत जाईल. (तेलुगूत पक्षवातम्, कन्नडात पार्श्ववायू, आपल्याकडे वारं. तिन्ही भाषांनी वाताचंच नाव धरलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

म्हणून क्रमांक अर्थाला द्या आणि शब्द त्याला जोडा. स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहाची रचना अशीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘मेश’ ही विषयसूची १९६० पासूनची. तिच्यामुळेच पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीत ‘हार्ट अटॅक’ लिहिलं तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ (त्याचंच वैद्यकीय नाव) वरचे लेख सापडतात.

विचारणा : पटलं. मग क्रमांकाच्या रकान्याला ‘संज्ञा’ म्हणू?

उत्तर २ : नको, संज्ञा म्हणजे नाव. क्रमांक असतो तो ‘संकल्पने’चा, म्हणजे अर्थाचा; तिला जोडलेले सगळे शब्द ‘संज्ञा’ रकान्यात. ‘लकवा’ तोंड वाकडं होणं आणि अंगाची बाजू जाणं या दोन्ही संकल्पनांना जोडा आणि शोधणाऱ्याला दोन्ही पर्याय दाखवा. रुग्ण जे बोलला ते मात्र तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या. पुढे कुणा डॉक्टरांना निदानाची शंका आली, तर मूळ शब्द तिथेच सापडतील.