दुसऱ्या ऑपरेशननंतर इलिओस्टॉमी, पिशवी सारखी भरते. उन्हाळ्यात काय सांभाळावं?

फैजपूरकर: मोठ्या आतड्याची गाठ परतली म्हणून वडिलांचं पुन्हा ऑपरेशन झालं, लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय (हीच इलिओस्टॉमी). तिसरा आठवडा आहे. पिशवी दिवसातून नऊ-दहा वेळा रिकामी करतो, नुसतं पाणी येतं. पारा ४४ वर. पाणी, नारळपाणी भरपूर देतोय, तरी लघवी कमीच.

धुळ्याची सिस्टर: दादा, किती 'वेळा' यावरून काही कळत नाही, मिली मोजा. मापाचा मग ठेवा, पिशवीचं आणि लघवीचं २४ तासांचं वेगवेगळं लिहा. पिशवीत १५०० मिलीच्या वर जात असेल किंवा लघवी ८०० च्या खाली असेल तर त्याच दिवशी सर्जनना कळवा आणि रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनी कशी चालते ते कळतं), सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या. चक्कर आली, पिंडऱ्यांत गोळे आले तर थांबूच नका.
आणि साधं पाणी भरपूर देणं हीच चूक होतेय. वरच्या आतड्यात बिनमिठाचं पाणी गेलं की आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं आणि सगळं मिळून पिशवीत उतरतं. पाणी, चहा, नारळपाणी सगळं मिळून दिवसाला लिटरच्या आत ठेवा. बाकी तहान ओआरएसवर, घोट घोट. किंवा १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा; वजनकाट्यावर मोजूनच. हृदय-किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

तापीकाठ: दुसऱ्या वेळी आतडी बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेली असतात. सोडवताना कधी फाटतात, मग तुकडा काढावा लागू शकतो. किती आतडं उरलं ते ऑपरेशन नोटमध्ये बघा, सल्ला त्यावरच ठरतो. लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंदावणारं औषध) जेवणाआधी अर्धा तास देतात, मात्रा सर्जन ठरवतील. पोट फुगलंय, उलट्या आहेत, ताप आहे, तर ते अजिबात नको.

फैजपूरकर: खायला काय? पिशवी पोटाला चिकटवायची चकतीही घामाने सुटते.

धुळ्याची सिस्टर: पिकलेली केळी, मऊ भात, साबुदाण्याची खीर, उकडलेला बटाटा, याने घट्ट होतं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, मक्याचं कणीस, शेंगदाणे सध्या बंद. सालं आणि चोथा पोटावरच्या तोंडाशी अडकतो.
चकतीचं भोक स्टोमापेक्षा (म्हणजे पोटावरच्या त्या तोंडापेक्षा) २-३ मिमीच मोठं कापा. जास्त ठेवलं की कातडी सोलवटते. सूज सहा-आठ आठवडे उतरत राहते, म्हणून दर आठवड्याला माप नवं. साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. खोबरेल, स्पिरिट लावलं की डिंक धरतच नाही. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने चकती ओढली जाते. नव्या चकत्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका.

तापीकाठ: स्टोमा लाल, ओलसर हवा. जांभळा-काळा पडला, किंवा चार-सहा तास काहीच न येता कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर सगळी फाइल घेऊन त्याच सर्जनकडे, रात्र असली तरी.