मदत हवी आहे: नोम रेंजरला स्वारीचं जनावर द्यावं की नुसतं धनुष्य?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या नव्या कॅम्पेनसाठी (सलग चालणारी कथा) फॉरेस्ट नोम (जंगलातली बुटकी जमात) रेंजर (रानात वावरणारी योद्धा) बनवतेय. डीएम (खेळ चालवणारे) २०१४चे नियम वापरतात, टाशाच्या पुस्तकातला (नंतर आलेलं जादा नियमांचं पुस्तक) नवा बीस्ट मास्टर चालेल म्हणालेत, पण जमातीमुळे मिळणाऱ्या गुणांची अदलाबदल नाही. सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून, त्यामुळे हंटर (एकटी शिकारी) की बीस्ट मास्टर (सोबत लढणारं जनावर) हा रेंजरचा प्रकार आत्ताच ठरवायचंय.

आकडे असे: स्ट्रेंग्थ १०, डेक्स (चपळाई) १६, कॉन (काटकपणा) १३, इंट (बुद्धी) १४, विज्डम १४, करिश्मा ८. रेंजरला इंटचा उपयोग काय, असं दोघांनी विचारलं. पण मला ती हवीच आहे, कारण मायनर इल्युजन (छोटा भास उभा करणारा नोमचा मंत्र) तिच्यावर चालतं. पाच फुटी खोटा दगड उभा केला की तीन-चार फुटांची नोम त्यामागे अख्खी लपते. उंच एल्फला हे जमणार नाही. शिवाय खारी, बिज्जू यांच्याशी थोडंफार बोलता येतं, म्हणजे जंगलातल्या बातम्या आधी तिच्याकडे. मला ही टेहळणी करणारी नोम मनापासून आवडलीये आणि तिचं बुटकेपण ही तिची ताकद वाटावी, एवढीच इच्छा आहे.

अडचण लढाईत येते. लाँगबो 'हेवी' आहे, स्मॉल आकाराला त्यावर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला कमी आकडा धरायचा). म्हणून शॉर्टबो: नुकसान १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), पल्ला ८०/३२० फूट. आर्चरी स्टाइलचे नेमाला +२ आहेत, तेवढ्यावर भागेल. पण वेग २५ फूट! कोणी अंगावर धावून आलं तर मागे सरकून नेम धरणं कठीण.

इथे बीस्ट मास्टर मोह घालतो. त्याचं जमिनीवरचं जनावर, बीस्ट ऑफ द लँड, मीडियम आकाराचा, वेग ४०, आणि स्मॉल नोम त्याच्यावर बसू शकते. मात्र त्याला हल्ला करायला सांगायचं तर बोनस ॲक्शन (पाळीतली एकच छोटी जादा कृती) लागते किंवा माझा एक हल्ला सोडावा लागतो, आणि हंटर्स मार्क (लक्ष्याला जादा नुकसान करणारा मंत्र) लावायला, हलवायलाही बोनस ॲक्शनच. हंटर घेतला तर कोलोसस स्लेयरचा जादा १डी८ बोनस ॲक्शन न घालवता मिळतो (शत्रू आधी जखमी हवा, तेवढं आमचे दोन फायटर बघतील).

माझा खरा गोंधळ स्वारीच्या नियमात आहे. लगाम हातात असलेल्या जनावराला डॅश (जादा धाव), डिसएंगेज (वार न खाता दूर सरणं) आणि डॉज (वार चुकवणं) एवढंच करता येतं. मग नोम पाठीवर असताना तो माझ्या हुकमाने चावू शकतो का, की उतरावंच लागेल? उतरण्या-चढण्यात दर वेळी अर्धा वेग जातो. डीएमनी निर्णय माझ्यावर सोडलाय, पण टेबलावरच्या इतरांना अन्याय वाटेल असं काही मला नकोय.

कोणी स्वार होऊन रेंजर खेळलंय का? तुमच्याकडे हे कसं ठरवलं, आणि पाचव्या लेव्हलनंतर जनावर जिवंत राहिलं का?