शब्दचर्चा : ‘हेम्प’ला ताग म्हणावे का? भांग, गांजा, चरस आणि विजया

तळटीप :
एका रुग्णमाहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करायचा आहे. मूळ मजकुरात तीन शब्द सारखे येतात : मेडिकल कॅनाबिस, हेम्प आणि सीबीडी ऑइल (सीबीडी हा भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक). इंग्रजी-मराठी कोशांत हेम्पपुढे ताग, अंबाडी, सण असे पर्याय मिळतात. वर्तमानपत्रे सरसकट ‘वैद्यकीय गांजा’ लिहितात. औषधाच्या बाटलीवर मात्र ‘विजया’ असते. पत्रक रुग्णाच्या घरची माणसे वाचणार आहेत, त्यामुळे शब्द चुकला तर औषधच चुकीचे समजले जाईल. कृपया कारणासह सुचवा.

रानपाला :
ताग आणि अंबाडी हे दोन्ही शब्द आधी खोडा. ताग, अंबाडी आणि हेम्प म्हणजे भांगेचे झाड, या तिन्ही वनस्पतींची कुळेही वेगळी आहेत.

ताग, म्हणजेच सण, हे क्रोटालारिया जन्सिया. शेंगवर्गीय पीक, पिवळी फुले, साधी लांबट पाने. आपल्याकडे ते मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलोऱ्यावर आले की नांगरून गाडतात. इंग्रजीत त्याला सन हेम्प म्हणतात, आणि कोशातला गोंधळ तिथूनच येतो. वाखासाठी, म्हणजे खोडाच्या धाग्यासाठी, लावलेल्या कितीतरी वनस्पतींना इंग्रजांनी हेम्प हेच नाव चिकटवले.

अंबाडी म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस, भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. तिच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ आहे, कारण पान भांगेच्या पानासारखे दिसते. फोटो पाहून ‘शेतात गांजा’ असा समज होतो तो याच पानामुळे. ओळखायची खूण अशी : अंबाडीचे पान एकच असते, फक्त खोल कापलेले. भांगेच्या पानात देठाच्या टोकाला सुट्या, दातेरी पर्णिका असतात. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात आणि फूल मोठे, फिकट पिवळे, मध्ये गडद किरमिजी. भांगेचे फूल डोळ्यात भरत नाही, आणि नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात.

वनस्पतीसाठी ‘भांगेचे झाड’ लिहा. वाखासाठी किंवा बियांसाठी लावलेले, नशेचा घटक अत्यल्प असलेले वाण सांगायचे असेल, तर ‘औद्योगिक हेम्प’ हाच शब्द देवनागरीत ठेवा.

कलमनामा :
रानपाला यांच्याशी सहमत. पण ‘भांगेचे झाड’ म्हटले की वाचक लगेच विचारतो, मग भांग कायदेशीर आहे ना? म्हणून कायद्यातले अर्थ इथे मांडतो.

१९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, बोलीत एनडीपीएस. त्याच्या कलम २ मध्ये ‘कॅनाबिस’ची व्याख्या झाडाच्या भागावरून केली आहे. चरस म्हणजे झाडापासून वेगळा केलेला चीक, कच्चा असो वा शुद्ध केलेला; हशीश तेलही त्यातच. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणा झालेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने गांजातून वगळली आहेत. तिसऱ्या भागात या दोहोंचे मिश्रण आणि त्यांपासून केलेले पेय येते.

म्हणजे नुसत्या पाल्याची भांग या व्याख्येत बसत नाही. पाल्याची थंडाई आणि गांजा वाटून घातलेली थंडाई चवीला सारखी लागली तरी कायद्याला त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र एनडीपीएसमध्ये नाही म्हणजे मोकळीक, असेही नाही. महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवान्याशिवाय ती बनवणे, बाळगणे हा गुन्हा आहे. राज्य बदलले की नियम बदलतो; गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या दारूबंदी कायद्यातल्या मादक पदार्थांच्या यादीतून काढली. पत्रकात ‘भांग भारतात कायदेशीर आहे’ असे वाक्य असेल तर ते काढूनच टाका.

आता ‘लागवड’. मूळ इंग्रजीत मेडिकल आणि इंडस्ट्रियल हे शब्द कधी कधी एकमेकांच्या जागी वापरलेले असतात. कायद्यात त्यांचे रस्ते वेगळे आहेत. वाख किंवा बी मिळवण्यासाठी, तसेच उद्यानविषयक कारणांसाठी सरकार कलम १४ खाली आदेश काढून परवानगी देऊ शकते. उत्तराखंडची वाटचाल याच दिशेने झाली. वैद्यकीय किंवा शास्त्रीय हेतूसाठी कलम ८ मधल्या सर्वसाधारण बंदीचा अपवाद आणि कलम १० मधले राज्य सरकारचे अधिकार लागतात, आणि कलम १० मधून चरस वगळलेला आहे. विनापरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. थोड्या मालाला कमी शिक्षा देणारी ‘अल्प परिमाणा’ची सवलत लागवडीला नाही, त्यामुळे परसातले एक झाडही लागवडच ठरू शकते. ‘औषधी हेम्पची करार शेती’ अशी जाहिरात दिसली तर परवाना कोणत्या कलमाखाली, कोणाच्या नावावर आणि कोणत्या गटनंबरासाठी आहे, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. बियाणे विकणाऱ्याच्या नावचे प्रमाणपत्र शेतकऱ्याला संरक्षण देत नाही.

मोडीलिपी :
कलमनामा, पंचनाम्यात नेहमी ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, बोंडे, काड्या व बिया मिश्रित गांजा’ असे वाक्य येते. व्याख्येत पाने नाहीत, मग हे वाक्य कसे टिकते?

कलमनामा :
चांगला प्रश्न. याच वाक्यावर जामिनाचे कितीतरी अर्ज उभे राहतात.

गांजासाठी अल्प परिमाण एक किलो आणि व्यापारी परिमाण वीस किलो. चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो. व्यापारी परिमाण ठरले की शिक्षा दहा ते वीस वर्षे, शिवाय कलम ३७ मुळे जामिनाच्या अटी फार कडक. आता समजा, मुळांसकट उपटलेली ओली झाडे पोत्यात भरली आणि वजन बावीस किलो आले. त्यात माती, मुळे, खोड, सुटा पाला आणि पाणी सगळे आहे. शेंडे वेगळे करून तोलले तर आकडा वीसच्या बराच खाली येऊ शकतो. शेंड्यांना चिकटलेली पाने मोजली जाणार, ती वगळलेली नाहीत. पण सुटा पाला आणि खोड यांचे काय, हा मुद्दा उच्च न्यायालयांत वारंवार येतो, आणि शेंडे वेगळे तोलले नाहीत म्हणून जामीन मिळाल्याची उदाहरणे आहेत.

इथे २०२० चा हिरा सिंग निकाल चुकीच्या जागी लावला जातो. मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थासह एकूण वजन धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. तो मुद्दा मिश्रणाचा आहे. झाडाला निसर्गतः असलेले खोड हा कुणी मिसळलेला पदार्थ नव्हे, असा बचाव त्यामुळे आजही मांडता येतो, आणि मला तो बरोबर वाटतो.

प्रयोगशाळेचा अहवालही नीट वाचावा. रंगचाचणी कॅनाबिसमधले घटक दाखवते आणि ते पाल्यातही असतात. ‘चाचणी होकारार्थी’ याचा अर्थ ‘हा गांजाच’ असा होत नाही. कोणता भाग आहे हे नमुना डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, फुलोऱ्याचे अवशेष आहेत का हे नोंदवूनच ठरते. २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, गांजासाठी प्रत्येकी २४ ग्रॅम, दोन प्रतींत काढायचे असतात. ओला माल प्लास्टिकमध्ये बंद ठेवला की कुजतो, बुरशी येते, पुढे वजन जुळत नाही. म्हणून पंचनामा लिहिणाऱ्याने ‘ओली झाडे, मुळांसह, इतके किलो, त्यांतून वेगळे केलेले शेंडे, इतके किलो’ अशा दोन ओळी लिहिल्या तर फिर्यादी पक्षाचेही भलेच होते.

खलबत्ता :
‘विजया’बद्दल लिहितो, कारण तिथे वेगळाच धोका आहे.

‘भावप्रकाश’ या आयुर्वेदातल्या निघंटूत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशात, भङ्गा, गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया, जया हे सगळे पर्याय एकत्र दिले आहेत. म्हणजे निघंटूत ‘विजया’ हा पूर्ण वनस्पतीचा शब्द आहे, फक्त पानाचा नव्हे. त्याच ग्रंथात हरीतकीच्या, आपल्या हिरड्याच्या, सात जातींपैकी पहिलीचे नावही विजयाच. भोपळ्याच्या आकाराची ती. म्हणून जुन्या पाठात ‘विजया’ दिसली की लगेच भांग समजू नये. सोबतची द्रव्ये आणि रोगाधिकार (पाठ कोणत्या रोगाच्या प्रकरणात आहे ते) पाहून अर्थ ठरवावा. दुसरी गफलत गुंजेची. गुंज, म्हणजे लाल-काळ्या बियांची वेल, आणि गांजा यांचा काही संबंध नाही. गुंजेचे बी विषारी आहे. औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये भंगा आणि गुंजा या दोन्ही नोंदी आहेत, त्यामुळे अनुवादात एक मात्रा चुकली तरी द्रव्य बदलते. या अनुसूचीतले औषध असेल तर लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना मराठी पत्रकातही ठळक यावी.

‘शोधित विजया’चा अर्थ ‘नशारहित’ असा करू नका. प्रचलित पद्धतीत पाला पुरचुंडीत बांधून, हिरवे पाणी यायचे थांबेपर्यंत धुतात, पिळून पूर्ण सुकवतात आणि मंद आचेवर गाईच्या तुपात परततात. धुण्याने पाण्यात विरघळणारे जाते : माती, रंग, थोडा कडवटपणा. मादक घटक टीएचसी पाण्यात जवळपास विरघळत नाही, तुपात विरघळतो. शिवाय पाल्यात तो बहुतांश आम्लरूपात असतो आणि उष्णतेने कार्यक्षम टीएचसी तयार होतो. म्हणजे शोधनाने द्रव्य संस्कारित होते, निष्प्रभ होत नाही. पाला ओलसर असताना तुपात टाकला तर तो वाफेवर शिजतो, नीट परतला जात नाही, आणि साठवणीत बुरशी धरतो. आच मोठी ठेवली तर करपतो आणि घटकही नासतात.

थेंबमाप :
आता सीबीडी. पत्रकात सर्वाधिक घोळ ‘तेल’ या शब्दाने होतो. तीन वेगळ्या वस्तूंना लोक हेम्प ऑइल म्हणतात.

पहिले, हेम्पच्या बियांचे तेल. हे खाद्यतेल. बीमध्ये मुळात सीबीडी नसते, चिकाचा अंश बाहेरून लागतो तेवढाच. २०२१ पासून एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत हे अन्न म्हणून मान्य आहे. एकूण टीएचसीची मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात किलोला १० मिलिग्रॅम. यावर अपस्माराच्या (फिटच्या) झटक्यांच्या उपचाराचा दावा करता येत नाही.

दुसरे, पानांचा अर्क तेलात मिसळून आयुष परवान्याखाली केलेले औषध. यात सीबीडी, टीएचसी आणि इतर घटक सगळे असतात. प्रमाण बॅचप्रमाणे बदलते. तीस मिलिलिटरच्या बाटलीवर ‘१५०० मिलिग्रॅम अर्क’ लिहिले असेल तर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अर्क झाला, सीबीडी नव्हे. सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे त्या बॅचच्या तपासणी अहवालातच कळते. अनुवादात ‘अर्क’ हा शब्द गाळू नका.

तिसरे, शुद्ध सीबीडीचे द्रावण. अमेरिकेत एपिडायोलेक्स या अशा औषधाला २०१८ मध्ये लेनॉक्स-गॅस्टॉट आणि ड्रॅव्हे या अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, सुरुवात दर किलो वजनाला २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वीस किलोच्या मुलाला एका वेळी ५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर. हाच ५० मिलिग्रॅमचा आकडा दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून मोजायला गेले तर मुलाला सीबीडी भलतेच कमी मिळेल आणि न मागितलेले टीएचसी मिळेल. घरची माणसे नेमकी इथेच चुकतात, म्हणून पत्रकात तिन्ही वस्तू वेगळ्या नावांनीच याव्यात.

मापासाठी ‘थेंब’ शब्द टाळा. दाट तेलाचा थेंब आणि पातळ तेलाचा थेंब सारखा नसतो. खुणा असलेली तोंडाने द्यायची सिरिंज सांगा. शुद्ध सीबीडी स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, म्हणून रोज एकाच पद्धतीने घ्यावे. क्लोबाझाम या अपस्मारावरच्या औषधाबरोबर गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएट या तशाच औषधाबरोबर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्ताची तपासणी लागते. टीएचसी असलेले औषध तोंडाने घेतल्यावर परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून पाऊण तासाने दुसरा डोस घेणे ही नेहमीची चूक आहे, तेव्हा ‘दुसरा डोस स्वतःहून घेऊ नये’ हे वाक्य हवेच.

मोडीलिपी :
मग ‘वैद्यकीय गांजा’ हा शब्द पूर्ण बाद करायचा का?

थेंबमाप :
नाही. नेदरलँड्समध्ये २००३ पासून आणि जर्मनीत २०१७ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून वाळलेला फुलोराच मिळतो. तिथल्या रुग्णाबद्दल लिहिताना ‘वैद्यकीय गांजा’ अगदी अचूक आहे, कारण वस्तू खरोखर गांजा आहे. पुण्या-मुंबईच्या रुग्णाला पानांच्या अर्काची बाटली देताना तोच शब्द वापरला तर घरचे घाबरून औषध बंद करतात.

तळटीप :
सर्वांचे आभार. मसुदा असा : ‘कॅनाबिस (भांगेचे झाड) या वनस्पतीपासून केलेली औषधे’ हे शीर्षक. आत ‘विजयाच्या पानांचा अर्क’, ‘शुद्ध सीबीडी द्रावण’ आणि ‘हेम्पच्या बियांचे खाद्यतेल’ अशी तीन नावे, शेवटपर्यंत तीच. चालेल?

कलमनामा :
चालेल. एक भर घाला : ‘पानांचा अर्क’ याच्या शेजारी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक लिहायला जागा ठेवा, आणि प्रवासात मूळ बाटली, बिल व वैद्यांची चिठ्ठी सोबत ठेवा असे सांगा. अर्क फार घट्ट असेल तर तो पानांचा की वेगळा केलेला चीक, हा प्रश्न तपासणी अधिकारी विचारू शकतो. टीएचसी तर अधिनियमाच्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. त्याचे अल्प परिमाण अवघे दोन ग्रॅम.

खलबत्ता :
आणि ‘विजया’पुढे पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘भांग’ लिहा. नाहीतर हिरड्याचे चूर्ण समजून घेणारे निघतील.