गावोगावचं मॅकडॉनल्ड्स: तुमच्या शहरात काय मिळतं?

ओसाका
सप्टेंबर आला की इथल्या मॅकडॉनल्ड्समध्ये ‘त्सुकिमी बर्गर’ येतो. त्सुकिमी म्हणजे शरदातला चंद्र बघायचा सण. बर्गरमधलं गोल अंडं हा तो पूर्ण चंद्र. अंड्याला चंद्र मानायची रीत त्याहून जुनी आहे, उदोन या जाड नूडल्सवर अंडं फोडून घातलं तर त्यालाही त्सुकिमीच म्हणतात. कंपनीनं १९७१ मध्ये तोक्योच्या गिन्झा भागात जपानातलं पहिलं दुकान काढलं आणि हा चंद्र १९९१ मध्ये आणला. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या बाईंनी मला हे सगळं समजावलं, तेव्हा गच्चीवरचं मसाला दूध आठवून गळा दाटला होता. घरापासून लांब असताना सणाची चाहूल कुठूनही लागली तरी बरं वाटतं.
तुम्ही राहता तिथे काय मिळतं? नुसती पदार्थांची नावं नकोत, खाताना काय वाटलं तेही लिहा.

मनिला
इथे तळलेल्या चिकनबरोबर भात देतात! कागदात गुंडाळलेला गरम भात आणि वर ओतायला ग्रेव्ही. मी मालवणचा, भात पोटात गेल्याशिवाय जेवलो असं म्हणवत नाही. इथल्या लोकांचंही तेच. गोडसर स्पॅगेटीही मिळते, मुलांच्या वाढदिवसाला ती लागतेच. जॉलिबी ही इथलीच साखळी हे सगळं विकते, त्यामुळे मॅकडॉनल्ड्सला भाताशिवाय गत्यंतर नव्हतं असं माझं मत.

क्वालालंपूर
मालवणवाल्या दादांनू, आमच्याकडे तर चक्क पेज मिळते. ‘बुबुर आयाम’ म्हणजे मऊ शिजवलेला भात, त्यात चिकन, आलं, पातीचा कांदा, तळलेला कांदा. तापातून उठल्यावर नवऱ्यानं आणून दिली होती. आईच्या हातची नव्हे, पण तोंडाला चव आली.

हाँगकाँग
सकाळी सूपमध्ये पास्ता. इथल्या चहाच्या हॉटेलांत मॅकरोनी सूपचा नाश्ता पूर्वीपासून आहे, तोच यांनी उचलला. मला अजून जमलेला नाही.

मुंबई
मी परदेशात नाही, पण त्या कंपनीसाठी आपण परदेशच ना? १९९६ मध्ये ते भारतात आले, दिल्लीपाठोपाठ वांद्र्याला. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचा होता. माझी आजी माळकरी. नातवंडांच्या हट्टापायी आली, पण खुर्चीत बसेना. “तेल कसलं? भांडी एकच का?” तिथल्या एका मुलानं, “आजी, या” म्हणत तिला आत नेलं. शाकाहारी पदार्थांची जागा वेगळी, तिथे काम करणाऱ्यांचे एप्रन हिरवे, मेयोनेजमध्ये अंडं नाही, हे सगळं त्यानं शांतपणे दाखवलं. आजी बाहेर आली, माळेला हात लावला आणि फ्राइज खाल्ल्या. पुढे आलू टिक्की आली. ती उत्तरेकडची, आमची जीभ बटाटेवड्याची, त्यामुळे मला ती कधी आपली वाटली नाही. पण आजी बाहेर आमच्याबरोबर बसून खाऊ शकली, त्याचं मोल मला फार आहे.

न्यू जर्सी
वरचं वाचून डोळे भरले. एक महत्त्वाचं सांगते: भारतातल्या फ्राइज चालतात म्हणून इथल्याही चालतील असं धरू नका. अमेरिकेत त्यांत गोमांसापासूनचा स्वाद असतो, घटकांच्या यादीत तसं लिहिलेलं आहे. लंडनला नणंदेकडे त्या शाकाहारी मिळाल्या. घरून कोणी येणार असेल तर मी हे विमानात बसायच्या आधीच फोनवर सांगते.

पुणे
ओसाकावाले, मी कोजागिरीच्या सुमारास तिकडे येतोय. तेव्हा तो चंद्र मिळेल का?

ओसाका
इथला सण बहुधा कोजागिरीच्या एक पौर्णिमा आधी येतो आणि बर्गर थोडेच आठवडे असतो. जमलं तर सप्टेंबरातच या. आणि दुकान विचारताना ‘माकुदो’ म्हणा, ‘माक्कु’ तोक्योवाले म्हणतात.