शाळकरी मुलांचं अंथरूण ओलं होणं: काय लागू पडतं, काय नाही?

पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं वाढीतच धरतात. त्यापुढच्या मुलांबद्दल लिहा. काय करायचं, किती दिवस, कुठे बिनसतं एवढंच. मुलांची नावं, शाळा नकोत.

वरणफळ: आधी पोट बघा. गुदाशय शीने भरलेला असला की तो पुढच्या मूत्राशयाला रेटतो आणि रात्रभर लघवी धरायला जागाच उरत नाही. 'रोज होते की' हे उत्तर पुरेसं नाही. खडे होतात का, कमोड तुंबतो का, चड्डीला डाग पडतात का? कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं औषध दिलं तर चार दिवसांत थांबवू नका. ताणलेलं आतडं जागेवर यायला महिने लागतात. लोक नेमके इथेच सोडतात.

साखरझोप: +१. आणि शाळेची पाण्याची बाटली उघडून बघा. तिथलं बाथरूम घाण म्हणून मुलं दिवसभर पीत नाहीत, घरी आल्यावर मात्र ढसाढसा. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला 1 ते 1.4 लिटर पुरतं. त्यातलं बहुतेक संध्याकाळी 5 च्या आत पोटात जायला हवं. रात्री साडेनऊला आमटी-भात, वर ताक, जोडीला पापड-लोणचं आणि दहाला झोप, मग गादी कोरडी कशी राहील? मीठ बाहेर टाकायला किडनी पाणीही काढते. जेवण झोपेच्या दोन तास आधी उरका. संध्याकाळचा चहा, कोला बंद.

निळी शाई: अंदाज नको, मोजा. वयात 1 मिळवून 30 ने गुणा, तेवढे मिली मूत्राशयात मावायला हवेत. सात वर्षांच्या मुलाचे 240. सुट्टीच्या दिवशी लघवी मापाच्या कपात घ्या. रात्री डायपर लावून सकाळी वजन करा, कोऱ्या डायपरचं वजा करा (1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली, काटा पोळ्यांच्या कणकेचा नको, कृपया). त्यात सकाळची पहिली लघवी मिळवा. सात वर्षांच्या मुलाची बेरीज 310 च्या वर जात असेल तर रात्री लघवीच जास्त बनते, तिथे डेस्मोप्रेसिन (रात्रीची लघवी कमी करणारी गोळी) चालतं. त्याच वयाला दिवसा कप कधीच 150 च्या वर जात नसेल तर अलार्मकडे (चड्डी ओली होताच वाजणारं यंत्र) वळा.

शिंपीण: अलार्मबद्दल. सेन्सर चड्डीला, बझर खांद्याला. सुरुवातीला घर जागं होतं, मूल नाही! मोठ्यांनी उठून त्याला पूर्ण जागं करायचं. बटण मात्र त्यानेच बंद करायचं. घामाने खोटा वाजतो, म्हणून दोन चड्ड्या घालून सेन्सर मधे ठेवा. सलग 14 रात्री कोरड्या जाईपर्यंत चालू ठेवा, दोन-तीन महिने धरून चला. झोपेतच उचलून मोरीवर नेल्याने गादी वाचते, सवय लागत नाही.

साखरझोप: डेस्मोप्रेसिन डॉक्टरांनी दिलं तरच. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास बंद, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलट्या, फिट येणं ही त्याची लक्षणं. जुलाब-उलट्या किंवा ताप असताना गोळी नको.

तीळगूळ चालेल का?: आजी देते आहे…

निळी शाई: खाऊ म्हणून द्या, उपाय म्हणून भरवसा नको. आजीला दुसरंच विचारा: बाबा कितव्या वर्षापर्यंत गादी भिजवायचे? आईवडिलांपैकी एकाला त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 44 टक्के, दोघांना असेल तर 77. ओरडणाऱ्या बाबांना हे आधी सांगा.

वरणफळ: सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, दिवसाही चड्डी ओली होते, लघवीला जळजळ, खूप तहान लागून वजन उतरतंय, तर वरचं काही करत बसू नका, डॉक्टर गाठा. तहान आणि वजन उतरणं असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. मूल जोरात घोरत असेल तर अ‍ॅडेनॉइड्सही (नाकामागच्या गाठी) बघून घ्या.

शिंपीण: आणि गादीवर रबरशीट, चादर, पुन्हा रबरशीट, पुन्हा चादर. रात्री दोनला वरचे दोन थर ओढले की झालं.