रिदम अँड ब्लूज : जीव ठेक्यात की गळ्यात?

जुनी_तबकडी
अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून छापायचं. तिथल्याच जेरी वेक्सलर या वार्ताहराने सुचवलेलं 'रिदम अँड ब्लूज' हे नाव २५ जून १९४९ च्या अंकापासून आलं. नावात रिदम, म्हणजे ठेका, आधी आहे, ते बरोबरच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, १५-१६ जणांचा ताफा गावोगाव फिरवणं परवडेना, त्यात १९४४ मध्ये नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसला. ताफा सात-आठ जणांवर आला, रिकामी जागा ड्रम, बास आणि सॅक्सोफोनने भरली. आजही पाय हलतो तो त्यामुळे.

आडवा_प्रश्न
कराचा मुद्दा तुमच्यावरच उलटतोय. नुसतं वाद्यवादन असेल तर त्या करातून सूट होती. म्हणजे फावलं ते बीबॉपवाल्यांचं, बसून ऐकायचा वाद्यांचा जॅझ वाजवणाऱ्यांचं. गाणं आणि नाच दोन्ही असलेल्यांना फटकाच. शिवाय गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनचा छोटा ताफा 'टिम्पनी फाइव्ह' अमेरिका युद्धात उतरायच्या आधीपासून वाजवत होता.

जुनी_तबकडी
कर मागे घेतो. टायर सोडत नाही.

मात्रा_मोजा
ठेक्यावर बोलताय तर नीट मोजा की. शफल या झुलत्या ठेक्यात मात्रेचे तीन समान भाग. पहिला-तिसरा वाजवायचा, मधला सोडायचा. नवखे चार भाग करून पहिला-चौथा मारतात आणि शफलची पोलीस परेड होते. स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, हाच बॅकबीट. (आपला हात सवयीने समेवर टाळी द्यायला जातो, तिथेच घोळ.) डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन'मध्ये ड्रमवादक अर्ल पामरने हा बॅकबीट गाणंभर धरला. डिक्सीलँड, म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा जुना जॅझ, वाजवणारे तो शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवत.

कोमल_गंधार
असहमत. ब्लूजचा १२ बारचा साचा बघा (बार म्हणजे चार मात्रांचा गट, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) : सी कॉर्ड ४ बार, एफ २, सी २, जी १, एफ १, पुन्हा सी २. एका संध्याकाळीत बोटांत बसतो. तेवढ्यावर माणसं सत्तर-ऐंशी वर्षं ऐकत नाहीत. जान आहे ती कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या स्वरात. पियानोवर त्याला पट्टीच नाही, म्हणून वादक कोमलवरून शुद्धवर बोट घसरवतात. गळा थेट तिथे जातो. गायक रे चार्ल्सने १९५४ मध्ये 'आय गॉट अ वूमन' केलं ते गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगाण्यावरून. देवाच्या जागी बाई आली, आर्जव तसंच राहिलं.

मात्रा_मोजा
आणि त्या गॉस्पेलमध्ये टाळ्या कुठे पडतात? दोन-चारवरच.

कोमल_गंधार
मग स्टॉप-टाइम घ्या. पहिले चार बार ताफा फक्त पहिल्या मात्रेवर एक फटका देतो आणि गप्प. उरतो एकटा गळा. सगळं गाणं त्यावर तरतं.

मात्रा_मोजा
तरतं, पाचव्या बारला ड्रम वेळेवर एफवर उतरला तर. अर्धी मात्रा चुकली की तुमचा गायकच मागे वळून बघतो.